थेंबाचं आणि बुडबुड्याचं भिंग कसं करायचं, आणि फोकस नेमका कुठे शोधायचा

पाण्याच्या थेंबात मागचं फूल उलटं दिसतंय असा फोटो काढायला बसलेल्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. थेंब मस्त टोकदार येतो, कडा चकचकीत, आणि आतलं फूल म्हणजे नुसता रंगाचा डाग. मग लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात, नवीन लेन्स शोधतात, आणि शेवटी फोटो एडिटरमध्ये शार्पनेस वाढवून वाढवून त्या डागाचा अजून वाईट डाग करतात. मीसुद्धा अख्खी एक संध्याकाळ यात घालवली आहे म्हणून सांगतोय, कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. थेंबाने तयार केलेलं चित्र थेंबाच्या आत नसतंच, ते थेंबाच्या पुढे, तुमच्या बाजूला, हवेत तयार झालेलं असतं. आणि पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्याचं बरोब्बर उलट, त्याचं चित्र बुडबुड्याच्या मागे असतं. ही एक गोष्ट हाताला कळली की बाकी सगळं मांडणीचं काम उरतं.

खालच्या पायऱ्या क्रमानेच करा. थेट पायरी ४ वर उडी मारलीत तर अडल्यावर नेमकं कुठे चुकलं ते शोधता येणार नाही.

## पायरी १: आधी तुमच्या हातात कुठलं भिंग आहे ते ठरवा

प्रकाश वाकतो तो हद्दीवर, म्हणजे जिथे हवा संपून पाणी सुरू होतं किंवा पाणी संपून हवा सुरू होते तिथे. पाण्याचा अपवर्तनांक (म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) साधारण १.३३, हवेचा जवळपास १. थेंबात जास्त अंकाची वस्तू आत आहे आणि कमी अंकाची बाहेर, म्हणून गोल थेंब किरण गोळा करतो, बहिर्गोल भिंगासारखा. बुडबुड्यात आत हवा, बाहेर पाणी. आकार तोच, गोलच, पण किरण पसरतात, म्हणजे काम अंतर्गोल भिंगाचं. "बुडबुडा फुगलेला आहे म्हणजे मोठं दाखवणार" असं धरून बसलात तर तो दाखवेल बारीकच, आणि तुम्ही म्हणणार प्रयोग फसला.

साबणाचा फुगा या यादीत येतच नाही. त्याच्या आतही हवा, बाहेरही हवा, मध्ये पाण्याची इतकी पातळ फिल्म की किरण जवळजवळ सरळ पार जातो. त्यात खिडकी दिसते ते प्रतिबिंब असतं, नीट बघा, एक सुलट आणि एक उलटं अशा दोन खिडक्या दिसतील, कारण पुढचा भाग बहिर्गोल आरशासारखा वागतो आणि मागचा अंतर्गोल आरशासारखा. रंग दिसतात ते फिल्मच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्यामुळे. सुंदर प्रकरण आहे, पण भिंग म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

## पायरी २: तयारी

पाणी डिस्टिल्ड घ्या. नसेल तर उकळून, झाकून, पूर्ण गार केलेलं घ्या. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, पाणी जरा कोमट झालं की ती बारीक बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते, आणि थेंबात असा एक जरी बुडबुडा अडकला तरी चित्रात मधोमध काळी टिकली येते. ती सेन्सरवरची धूळ समजून मी एकदा सेन्सर साफ करत बसलो होतो.

थेंब जास्त वेळ टिकवायचा असेल तर निम्मं पाणी निम्मं ग्लिसरीन करा. वाळणं खूप मंदावतं. पण अपवर्तनांक वाढून साधारण १.४ होतो, त्यामुळे पुढे दिलेली अंतरं थोडी कमी होतात हे ध्यानात ठेवा. मिसळताना घाई नको. दोन्ही नीट एकजीव झालं नाही तर साखर विरघळताना पाण्यात दिसतात तशा लहरत्या रेषा थेंबात दिसतात आणि चित्र थरथरल्यासारखं येतं. ढवळलं की बुडबुडे येणार, म्हणून ढवळून झाल्यावर तासभर तसंच ठेवून द्या.

बाकी सामान: ड्रॉपर किंवा सिरिंज, काचेची स्लाइड किंवा सपाट पारदर्शक प्लॅस्टिक, थोडं व्हॅसलिन, सपाट भिंतींची पारदर्शक डबी, पारदर्शक हेअर जेल, टेबल लॅम्प. आणि एक कार्ड, त्यावर जाड पेनने मोठा "ग" काढा. बाणाने पण काम होतं, पण "ग" बरा, कारण तो नुसता डावीकडचा उजवीकडे झालाय की पूर्ण डोक्यावर उभा राहिलाय हे एका नजरेत कळतं.

सावधान: गोल बाटली, गोल बरणी, पाण्याने भरलेला काचेचा गोळा, यातलं काहीही उन्हात उघडं ठेवून उठून जाऊ नका. ऊन एका ठिपक्यात गोळा होऊन कागद, पडदा पेटू शकतो. आणि कुठल्याही थेंबातून किंवा भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही.

## पायरी ३: बसका थेंब, म्हणजे हात बसवण्यासाठी

फोनच्या स्क्रीनवर ओल्या बोटाने अगदी बारीक तुषार उडवा आणि पांढरं पान उघडा. थेंबाखाली लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. दिसले म्हणजे भिंग चालू आहे. स्क्रीन पुसून फोन बाजूला ठेवा आणि स्लाइड घ्या.

स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, थेंब चपटा होतो आणि भिंगात दम राहत नाही. म्हणून काडीच्या टोकाने व्हॅसलिनचं साधारण ६ मिमीचं कडं काढा आणि पाणी त्याच्या आत सोडा. पाणी कड्याला अडतं आणि वर फुगतं. किती फुगलं यावर सगळं आहे. ६ मिमी रुंद थेंबाची उंची १ मिमी असेल तर त्याच्या वरच्या गोलाईची त्रिज्या ५ मिमी भरते, आणि असा एका बाजूने सपाट पाण्याचा थेंब त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर फोकस करतो, म्हणजे १५ मिमी. त्याच कड्यात आणखी पाणी घालून उंची २ मिमी केली की त्रिज्या सव्वातीन मिमीच्या आसपास येते आणि फोकल लेंथ, म्हणजे हेच फोकसचं अंतर, १० मिमीच्या घरात. भिंग म्हणून मोठं दाखवायची ताकद २५० मिमी भागिले फोकल लेंथ, म्हणजे पहिल्यात १७ पट, दुसऱ्यात २५ पट.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, जास्त झूम हवा म्हणून लोक थेंब पसरट आणि मोठा करत जातात. उलट करा. लहान आणि जास्त गोल थेंब म्हणजे जास्त झूम. शिवाय पाण्याचा थेंब दोन-तीन मिमीच्या पुढे गेला की गुरुत्वाकर्षण त्याला बसकं करायला लागतं, कितीही ओता, मधला भाग सपाटच होत जातो. दुसरी चूक, स्लाइड थेट छापलेल्या कागदावर ठेवून बघायचं आणि "काही मोठं दिसत नाही" म्हणायचं. भिंग वस्तूला चिकटवलं तर ते मोठं करणार कसं? स्लाइडच्या दोन्ही टोकांखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या रचत रचत ती वर उचला.

तपासा: एकेक पट्टी वाढवत गेलात की अक्षर मोठं होत जाईल, मग एकदम धूसर होईल, आणि त्याच्या पुढे उलटं होईल. जिथे धुरकटतं तिथे तुमच्या थेंबाची फोकल लेंथ, साधारणपणे. पट्टीने मोजून ठेवा. "माझा थेंब उलटं दाखवतच नाही" ही तक्रार करणाऱ्यांचं कार्ड बहुतेक वेळा या अंतराच्या आतच असतं.

जाता जाता, दुपारी झाडांना पाणी घातलं की थेंबांमुळे पानं जळतात असं म्हणतात, त्याचंही उत्तर याच अंतरात आहे. पानावर पसरलेल्या थेंबाचा फोकस पानाच्या बराच खाली पडतो, पानावर नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या कामात गुळगुळीत पानांवर असे डाग पडले नाहीत, मात्र ज्या पानांवरची लव थेंबाला वर उचलून धरते तिथे पडले, कारण तिथे पान फोकसच्या जवळ येतं.

## पायरी ४: लटकता थेंब आणि उलटं फूल

आता खरं काम. सिरिंजच्या बारीक टोकाला किंवा गवताच्या पात्याला साधारण ३ मिमीचा थेंब लटकवायचा. याहून मोठा केलात तर तो पेरूसारखा खाली ओघळतो आणि चित्र उभं ताणलं जातं. अळवाच्या पानावर थेंब मोत्यासारखा गोल राहतो, तोही चालेल, फक्त अळवावरचं पाणी ते, टेबलाला धक्का लागला की गेलं.

पण थेंब सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडलात की थेंब वाळणार किंवा पडणार आणि परत पहिल्यापासून.

१. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर पक्का करा, फोकस मॅन्युअल. फोन असेल तर मॅक्रो मोड किंवा क्लिपची मॅक्रो लेन्स, आणि फोकस लॉक. ऑटोफोकस वापरलात तर तो प्रत्येक वेळी थेंबाच्या कडेवरच जाऊन बसणार, कारण सगळ्यात ठसठशीत रेघ तीच असते.

२. थेंब जिथे येणार त्याच्या १० सेंमी मागे फूल लावा, उलटं, देठ वर करून. थेंब त्याला सुलटं करेल. गोल थेंबाची फोकल लेंथ मध्यापासून त्रिज्येच्या दुप्पट, म्हणजे थेंबाच्या व्यासाइतकीच. ३ मिमीच्या थेंबासाठी ३ मिमी. १० सेंमीवरचं फूल यात साधारण ३२ पट लहान होतं, म्हणजे ५ सेंमीचं फूल दीड मिमीचं, थेंबाच्या निम्म्या रुंदीत मावणारं. फूल ४ सेंमीवर आणलंत तर ते थेंबाच्या कडेपर्यंत पसरतं आणि कडेला सगळं वेडंवाकडं होतं. फूल फार मागे नेलंत तर टिकली होते. दुरुस्ती करायची असेल तर फूल हलवा, थेंबाला हात लावू नका.

३. उजेड फुलावर टाका, थेंबावर नाही. यात भलेभले चुकतात. थेंब स्वतः काही दाखवत नाही, तो मागचं गोळा करतो, त्यामुळे फूल अंधारात असेल तर थेंबही अंधारा. आणि समोरून फ्लॅश मारला की थेंबावर पांढरा ठिपका येतो तो वेगळाच. फुलाच्या मागे साधा गडद कागद ठेवा, कारण थेंबात मावणारा परिसर मोठा असतो, मागची अर्धी खोली तो आत ओढतो, पसारा आवरून ठेवा.

४. आता थेंब सोडा. श्वास जरा लांब ठेवा.

५. आधी थेंबाच्या कडेवर फोकस करा. कड टोकदार झाली की फोकस रिंगला हात न लावता अख्खा कॅमेरा हळूच मागे घ्या, साधारण ३ मिमी. कॅमेरा मागे आला की फोकसची जागाही तितकीच तुमच्याकडे सरकते. आणि तिथे, थेंबाच्या पुढच्या पृष्ठभागापासून दीड मिमी बाहेर, हवेत, फुलाचं चित्र आहे. कड विरघळत जाते, आत एक धूसर डाग असतो, मग त्या डागातून एकेक पाकळी सुटी होते, केसर दिसायला लागतात, आणि अचानक एका जागी सगळं कापल्यासारखं लख्ख. तिथे थांबा.

तपासा: फुलाच्या जागी "ग" चं कार्ड ठेवा. डोक्यावर उभा आणि डावं-उजवंही उलटलेलं, म्हणजे अर्धा फेरा फिरवल्यासारखा "ग" दिसला तर चित्र थेंबाचंच आहे.

आता प्रश्न येतो की कडही टोकदार हवी आणि फूलही. एका फोटोत अवघड आहे. इतक्या जवळून, वस्तू सेन्सरवर जेवढ्यास तेवढी येत असताना, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ ८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान) जेमतेम १ मिमी खोली शार्प येते, एफ १६ ला २ मिमी, आणि आपल्याला लागते ३ मिमी. अॅपर्चर आणखी बंद केलंत तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळंच मऊ होतं. त्यामुळे दोन फोटो काढा, एक कडेवर, एक फुलावर, आणि नंतर जोडा. माझ्या मते मात्र फूल शार्प आणि कड किंचित मऊ असा एकच फोटो जास्त छान दिसतो.

सावधान: थेंब थेट फोनच्या कॅमेऱ्यावर ठेवून मॅक्रो करायची युक्ती फिरत असते. चालते ती, पण पाणी कडेच्या फटीतून आत जाण्याचा धोका आहे. मध्ये पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून त्यावर थेंब घ्या.

## पायरी ५: बुडबुडा

पाण्यात बुडबुडा थांबत नाही, वर पळतो, म्हणून जेल. पारदर्शक हेअर जेल बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे प्रकाश जवळपास पाण्यासारखाच वाकतो. डबीत जेल हळूहळू, एका कोपऱ्यातून भरा म्हणजे नको ते बुडबुडे अडकणार नाहीत. मग सुई न लावलेल्या सिरिंजने मध्यभागी हवा सोडा, ५ मिमीचा बुडबुडा पुरे. सिरिंज गोल फिरवत सावकाश बाहेर काढा, नाहीतर बुडबुड्याला शेपटी येते आणि तो लिंबासारखा टोकदार होतो. झालाच तर अर्धा तास तसाच राहू द्या, पुष्कळदा आपोआप गोल होतो.

गोल ग्लास वापरू नका. हे ठळक करायचं कारण, पाण्याने भरलेला गोल ग्लास स्वतःच एक भिंग आहे, तो मागचं कार्ड डावं-उजवं उलटवतो, आणि लोक ते श्रेय बुडबुड्याला देऊन मोकळे होतात. बुडबुडा न सोडता आधी नुसत्या जेलमधून "ग" बघा. सुलट आणि सरळ दिसला पाहिजे. नसेल तर डबी बदला.

कार्ड १० सेंमी मागे ठेवा आणि कार्डावर उजेड टाका. बुडबुड्यात "ग" सुलट दिसेल, बारीक, साधारण २८ पट लहान. म्हणजे कार्डावरचा "ग" ५ सेंमीचा असला तर इथे तो २ मिमीच्याही किंचित कमी. फोकस मात्र आता उलट दिशेला. पसरवणाऱ्या बुडबुड्याचं आभासी चित्र, म्हणजे किरण जिथून आल्यासारखे वाटतात ती जागा, मध्यापासून त्रिज्येच्या दीडपट मागे असतं, ५ मिमीच्या बुडबुड्यात मागच्या पृष्ठभागाच्याही साधारण सव्वा मिमी पलीकडे, जेलमध्ये. म्हणून कडेवर फोकस केल्यावर कॅमेरा डबीकडे पुढे ढकला. थेंबाच्या सवयीने मागे ओढत राहिलात तर चित्र कधीच सापडणार नाही, आणि हे मी दोन्हीचे फोटो एकाच दिवशी काढताना हमखास करतो.

बुडबुड्याच्या कडेला एक जाड पट्टा दिसेल, मागून उजेड असेल तर काळा, बाजूने असेल तर पाऱ्यासारखा चंदेरी. तो घाण म्हणून पुसायला जाऊ नका. पाण्यातून हवेकडे जाणारा किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला की तो आत शिरतच नाही, पूर्ण परत फिरतो, आणि गोल बुडबुड्यावर हे मध्यापासून त्रिज्येच्या तीन-चतुर्थांशाच्या पलीकडे सगळीकडे होतं. मधल्या खिडकीतूनच काय ते चित्र मिळणार. पट्टा नको असेल तर डबीच्या दोन्ही बाजूंना पांढरे कागद उभे करा, तो काळ्याचा करडा होतो.

## पायरी ६: लेझर आणि थेंब, फक्त भिंतीवर बघण्यासाठी

सावधान: १ मिलीवॅटपेक्षा जास्त ताकदीचा लेझर नको. किरण डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा, थेंब आणि भिंत यांच्यामध्ये कुणी बसायचं नाही, आणि थेंबाकडे समोरून बघायचं नाही. थेंबावरून आणि सिरिंजच्या टोकावरून किरण कुठेही उडतो.

फुलदाणीतलं चार दिवसांचं पाणी सिरिंजमध्ये घ्या, २ मिमीचा थेंब लटकवा, लेझर स्टँडला बांधून थेंबाच्या मधोमध लावा. अंधार करा. २ मीटरवरच्या भिंतीवर मोठं वर्तुळ पडेल आणि त्यात काहीतरी वळवळताना दिसेल. किती मोठं झालं ते काढायला भिंतीचं अंतर भागिले थेंबाचा व्यास, इथे सुमारे १००० पट. हे सूक्ष्मदर्शकासारखं स्वच्छ चित्र नसतं, या सावल्या असतात, प्रत्येकीभोवती कड्यांची नक्षी, आणि थेंबाच्या भिंतीकडच्या भागात असलेला जीव लेझरकडच्या भागातल्या जीवाच्या जवळजवळ दुप्पट मोठा दिसतो, त्यामुळे मापं काढत बसू नका. खाली बुडणारी धूळ भिंतीवर वर चढते, कारण किरण वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेले असतात. वर्तुळ एकीकडे कलंडलं तर लेझर मधोमध नाही. किरणाचा नुसता लांबट पट्टा पडला तर तुम्ही थेंबाच्या कडेवर मारताय.

## सगळं जमलं की एक शेवटची तपासणी

त्याच सपाट डबीत, जेल काढून, खाण्याचं पारदर्शक तेल भरा आणि सिरिंजने पाण्याचा एक थेंब आत सोडा. तो हळूहळू खाली जातो, तेवढ्या वेळात मागचा "ग" बघा. तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४७, पाण्याचा १.३३, म्हणजे आता पाणी कमी अंकाचं झालं. तोच पाण्याचा थेंब इथे बुडबुड्यासारखा वागतो, "ग" सुलट आणि लहान, फक्त परिणाम सौम्य, फोकल लेंथ त्रिज्येच्या जवळपास पाचपट. उलटा दिसला तर बहुतेक डबी गोल आहे, किंवा थेंब समजून तुम्ही तळाशी बसलेला चपटा गोळा बघताय. नवीन थेंब सोडा आणि तो पडत असतानाच बघा.